नोंद फक्त उघडली होती

निलोफर शेख नोंदणी केंद्रात आल्या तेव्हा सकाळचे अकरा वाजले होते, आणि अमरावतीचा एप्रिल कूलरला जुमानत नव्हता. त्यांच्या डाव्या हातावर, मनगटापासून कोपरापर्यंत, डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर उठून दिसत होती. त्या अचलपूरच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. नवऱ्याला त्यांनी बाहेरच बसवलं होतं.

"मला भांडायचं नाही," खुर्चीत बसता बसता त्या कालिंदी बोधनकरला म्हणाल्या. "फक्त एक गोष्ट समजून घ्यायची आहे. तेरा मार्चला मी यादीत दुसरी होते. चौदाला सकाळी दुसरी होते. दुपारी बघितलं तर तिसरी. चोवीस तारखेला एकाच दात्याची दोन मूत्रपिंडं आली आणि पहिल्या दोघांना मिळाली. आता सांगा, माझ्या पुढे अचानक कोण आलं आणि कसं?"

कालिंदी विभागीय अवयव प्रतीक्षा नोंदणी केंद्राची संगणकप्रमुख होती. २०३८ साली असल्या तक्रारी आठवड्याला दोन-तीन यायच्या, कारण आपला क्रमांक प्रत्येक रुग्णाला मोबाइलवर दिसायचा आणि लोक दिवसातून दहादा तो बघायचे. बहुतेक वेळा उत्तर सोपं असायचं. कुणाची तब्येत ढासळली, गुण वाढले, तो पुढे गेला. तसंच काहीतरी सांगायच्या तयारीनं तिनं नोंदी उघडल्या, आणि बोलायची थांबली.

"मला दोन दिवस द्या," ती म्हणाली.

"दिले," निलोफर म्हणाल्या. "पण माझे दिवस मोजके आहेत, एवढं लक्षात असू द्या."

त्या गेल्यावर कालिंदीनं तीच ओळ पुन्हा वाचली. दिगंबर ढोले, वय एकसष्ट, मूत्रपिंड. डायलिसिस सुरू झाल्याची तारीख आधी जानेवारी २०३७ होती. ती बदलून जानेवारी २०३४ केली होती. तीन वर्षं मागे. जितका जुना डायलिसिस तितके जास्त गुण, म्हणून ढोले सोळाव्या क्रमांकावरून थेट पहिल्यावर आले होते. बदल चौदा मार्चला सकाळी दहा वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी झाला होता. करणाऱ्याचं नाव होतं पुंडलिक वानखडे.

दिगंबर ढोले हे वानखडे सरांच्या सख्ख्या बहिणीचे यजमान. हे तिला शोधावं लागलं नाही. सव्वीस मार्चला सरांनी अख्ख्या ऑफिसात पेढे वाटले होते. तिनं दोन खाल्ले होते.

*

वानखडे सर नोंदणी अधिकारी. अठरा वर्षांपूर्वी कालिंदी इथं लागली तेव्हा काम त्यांनीच शिकवलं होतं. तिच्या बाळंतपणात रक्त कमी पडलं तर हा माणूस रजा न टाकता दवाखान्यात जाऊन रक्त देऊन आला होता आणि दुपारी पुन्हा खुर्चीत येऊन बसला होता. आता त्यांच्या निवृत्तीला सात महिने उरले होते.

तिनं लगेच विचारलं नाही. ती त्यांच्याकडे बघू लागली. ते डब्यातलं निम्मंच खात होते. मोबाइल वाजला की व्हरांड्याच्या टोकाला जाऊन बोलत होते. टेबलाचा खण पूर्वी उघडाच असायचा, आता ते जाता-येता किल्ली फिरवत होते. की पूर्वीही फिरवायचे? तिला आठवेना. एकदा शंका आली की माणसाच्या प्रत्येक हालचालीला अर्थ चिकटतो, हे तिला कळत होतं, आणि तरी ती बघत राहिली.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिनं त्यांच्यासमोर कागद ठेवला.

वानखड्यांनी चष्मा लावून तो वाचला. बराच वेळ वाचला.

"नोंद मी उघडली होती," शेवटी ते म्हणाले. "आदल्या संध्याकाळी घरून अर्जात काही दुरुस्ती आली होती. पत्ता, व्यवसाय, असलंच. तपासायला उघडली. तारखेला हात लावला नाही."

"सर, खातं तुमचं आहे. संगणक तुमचा आहे. वेळेला तुम्ही इथंच होता."

"होतो नं. नाही कुठं म्हणतो?" त्यांनी कागदाची घडी घातली, पुन्हा उलगडली. "ताई, हे आणखी कुणी पाहिलंय?"

हा प्रश्न त्यांनी विचारायला नको होता.  त्याच संध्याकाळी तिनं संचालक डॉ. काशीकरांकडे अहवाल दिला. तीन परिच्छेद, एकही विशेषण नाही. दुसऱ्या दिवशी वानखडे निलंबित झाले. डबा, चष्म्याचं घर आणि भिंतीवरचं कॅलेंडर घेऊन ते गेले. तिच्या टेबलापाशी थांबले नाहीत.

*

चौकशी समितीसाठी कागद लावताना कालिंदीला सेकंद दिसले.

अहवालात तिनं फक्त मिनिटं लिहिली होती. मूळ नोंदवहीत वेळ सेकंदाच्याही दहाव्या भागापर्यंत होती. वानखड्यांनी नोंद उघडली आणि तारीख बदलली, या दोन्हींत अर्ध्या सेकंदाचंही अंतर नव्हतं. पान उघडायचं, तारखेच्या रकान्यापर्यंत जायचं, जुनी खोडून नवी टाकायची, जतन करायचं. तिनं स्वतः करून पाहिलं. जमेल तितकी घाई करून अकरा सेकंद लागले.

म्हणजे हात माणसाचा नव्हता.

केंद्राचा सगळा डेटाबेस 'दालन' नावाच्या सॉफ्टवेअरमधून बघितला जायचा. वेगळं काही बसवावं लागत नसे. ब्राउझर उघडा, आपल्या नावानं आत शिरा, तक्ते पाहा, अधिकार असेल तर बदला. जगभर हजारो कचेऱ्या ते वापरत. अशा सॉफ्टवेअरला एक जुना आजार असतो. ब्राउझरला दिसायचा मजकूर आणि पाळायच्या आज्ञा एकाच कागदावरून येतात, दोन्ही अक्षरांतच लिहिलेले. बाहेरच्या माणसानं भरलेलं काहीही दाखवताना सॉफ्टवेअरनं बजावून सांगायचं असतं की ही नुसती अक्षरं आहेत, फक्त दाखव. हे बजावणं एखाद्या रकान्यापुरतं राहून गेलं, म्हणजेच तिथं छिद्र पडलं, तर त्या रकान्यात कुणी लिहिलेली आज्ञा ब्राउझर इमानानं पाळतो. आणि ती पाळली जाते वाचणाऱ्याच्या नावानं, त्याच्या अधिकारानं. समजा, एखादा अर्ज साहेबांनी नुसता वाचायला हातात घेतला आणि त्यांचाच हात आपोआप त्यावर सही करून मोकळा झाला. साहेबांना पत्ताही नाही. सही मात्र खरी.

कालिंदीनं ढोल्यांची नोंद उघडली. व्यवसायाच्या रकान्यात एकच शब्द होता: शेती. मागे-पुढे काही नाही. मार्चमधल्या बॅकअपमध्येही तेच. तिनं एक खोटी आज्ञा लिहून दालनला देऊन पाहिली. दालननं ती गुमान अक्षरं म्हणून दाखवली. छिद्र नव्हतं.

छिद्र आता नव्हतं. मार्चमध्ये होतं का, हे सांगू शकणारा एकच होता, आणि तो माणूस नव्हता.

*

सॉफ्टवेअरची छिद्रं रफू करणाऱ्या त्या यंत्राला सगळे रफूगर म्हणत. दोन वर्षांपूर्वी तो आला तेव्हा कालिंदीनं सुटकेचा श्वास सोडला होता. पूर्वी एखाद्या सॉफ्टवेअरमध्ये छिद्र सापडलं की कुणीतरी ते कळवायचं, कुणीतरी दुरुस्तीच्या कोडचं ठिगळ लिहायचं आणि कचेऱ्यांपर्यंत ते पोचेस्तोवर महिने जायचे. तेवढ्यात चोर आत. रफूगर स्वतः कोड वाचायचा, छिद्र शोधायचा किंवा कुणी कळवलेलं तपासायचा, ठिगळ लिहायचा, चाचण्या घ्यायचा. सगळं मिळून काही मिनिटांत. शिवाय छिद्रातून आत आलेला विषारी मजकूर तो चालू तक्त्यांतून आणि सगळ्या बॅकअपमधून पुसून टाकायचा. तसं केलं नाही तर जुना बॅकअप लावला की तीच लागण परत व्हायची, हे लोकांनी महागात शिकून घेतलं होतं.

कायद्यानं एक अट घातली होती. ठिगळ लागू होण्याआधी एका जबाबदार माणसानं ते वाचून मंजूर करायचं. या केंद्रात ती जबाबदार माणूस कालिंदी होती.

पहिले काही आठवडे तिनं प्रत्येक ओळ वाचली. रफूगर चुकला नाही. मग तिनं फक्त सारांश वाचायला सुरुवात केली. रफूगर तरीही चुकला नाही. पुढे ठिगळं दिवसाला वीस, कधी चाळीस येऊ लागली, आणि ती चहा पिता पिता 'मंजूर' दाबत गेली. सात हजारांवर मंजुऱ्या झाल्या होत्या.

तिनं मार्चची यादी काढली. एकोणीस मार्च. 'दालन. नोंद दाखवणारे पान. व्यवसायाच्या रकान्यातील मजकूर आज्ञा म्हणून पाळला जात होता. दुरुस्त. संशयित मजकूर स्वच्छ केला: एक नोंद.' कुणाची, ते गोपनीयतेमुळे झाकलेलं. खाली मंजुरी: कालिंदी बोधनकर, सकाळी अकरा वाजून बारा मिनिटं. त्याच एका मिनिटात तिनं तेवीस ठिगळं मंजूर केली होती.

ती उठून पाणी प्यायली. मग परत येऊन त्या ठिगळाचा कोड वाचायला बसली. एक महिन्यापूर्वी तिचं जे काम होतं, ते.

कोड चार ओळींचा होता, स्वच्छ, कौतुक करावं असा. त्याच्या मागे चाचणी जोडलेली होती. रफूगराची ही पद्धतच होती. ज्या मजकुरानं छिद्र उघडं पडलं तो जसाच्या तसा चाचणीत ठेवायचा, म्हणजे पुढं कुणी कोड बदलला तर तोच मजकूर पुन्हा मारून बघता येतो. तक्त्यांतून त्यानं विष पुसलं होतं, पण एक थेंब बाटलीत ठेवला होता. सुरुवातीला शब्द 'शेती'. त्याला लागून न दिसणारी एक आज्ञा: नोंद क्रमांक पाच हजार दोनशे अठराची डायलिसिसची तारीख बदल.

पाच हजार दोनशे अठरा म्हणजे दिगंबर ढोले.

दालनच्या जुन्या आवृत्त्या सगळ्यांसाठी खुल्या होत्या. मार्चमधली आवृत्ती तिनं नेटवर्क तोडलेल्या लॅपटॉपवर बसवली, ढोल्यांसारखी एक नोंद केली, व्यवसायात तो मजकूर टाकला आणि नोंद उघडली. पडद्यावर काहीच घडलं नाही. व्यवसाय: शेती. तारीख: जानेवारी २०३७. तिनं हात टेबलावरून काढून मांडीवर ठेवले. मग पान नव्यानं उघडून ताजं केलं. जानेवारी २०३४.

वानखडे खरं बोलत होते. त्यांना दिसली ती जुनीच तारीख, बदल पानाच्या मागे झाला होता.

लॅपटॉप मिटताना ठिगळाच्या नोंदीतला आणखी एक रकाना तिच्या डोळ्यांसमोर आला. छिद्र रफूगरानं आपणहून शोधलं नव्हतं. 'सूचना: बाहेरून, निनावी. आभार कळवले.' काम झाल्यावर पाच दिवसांनी कुणीतरी सज्जनपणे छिद्र कळवलं होतं, आणि ते बुजवण्याच्या निमित्तानं पुरावा रफूगराकडूनच पुसून घेतला होता. आणि त्या पुसण्यावर सही कालिंदीची होती.

*

वानखडे घरी अंगणात झाडाला आळं करत होते. तिला पाहून त्यांनी हात धुतले, खुर्ची पुढे केली. ती सांगत असताना त्यांनी एकदाही मान वर केली नाही. तिला वाटलं होतं त्यांचा चेहरा सैल पडेल. तो आणखी ओढला गेला.

"म्हणजे तुमच्याकडे पक्कं आहे," ते म्हणाले.

"तुम्ही निर्दोष आहात याचं पक्कं आहे, सर."

"तो अर्ज कोणी भरला, ते दिसतं का त्याच्यात?"

"अर्ज ढोल्यांच्या खात्यातून दुरुस्त झाला. कुणी केला ते पोलीस शोधतील." तिनं त्यांच्याकडे पाहिलं. "तुम्हाला माहीत आहे."

वानखड्यांनी घरात डोकावून पाहिलं आणि आवाज खाली आणला. "पूर्वा. माझी भाची. हैदराबादला सॉफ्टवेअरमधली छिद्रं शोधायचंच काम करते. फेब्रुवारीत फोन आला होता. म्हणे मामा, अर्जात दुरुस्ती केली तर ती तुम्ही स्वतः बघता का दुसरं कोणी? मी म्हटलं, सकाळी पहिलं काम तेच करतो. मला वाटलं, बापाची काळजी आहे पोरीला."

"तुम्ही मला त्या दिवशी का नाही सांगितलं?"

"त्या दिवशी कुठं माहीत होतं? तुम्ही कागद दाखवला, व्यवसायाची दुरुस्ती आठवली, तेव्हा मनात आलं. मग तिला फोन केला." त्यांनी पुन्हा घराकडे पाहिलं. मग म्हणाले, "रडली. नाही म्हणाली नाही."

आतल्या खोलीतल्या कूलरमधून पाण्याचा आवाज येत होता.

"ताई, एक मागतो. हे दाखवू नका. मी म्हणतो मीच केलं. माझी सात महिन्यांची नोकरी गेली तर गेली. ती सत्तावीस वर्षांची आहे. भावजींचं मूत्रपिंड तर कोणी परत काढून घेणार नाही."

"आणि निलोफर शेख?"

"त्यांना काय फरक पडतो, नाव माझं असलं काय न् तिचं असलं काय?"

कालिंदी उठली. घरी येताना तिच्या डोक्यात वेगळाच विचार घोळत होता आणि त्याची तिला लाज वाटत होती. फोन फेब्रुवारीत आला, असं ते म्हणतात. फोनवर एवढंच बोलणं झालं, असं ते म्हणतात. कोणत्या पानावर नोंद उघडते, कोणता रकाना दिसतो, हे बाहेरच्या माणसाला कोण सांगणार? दालन खुलं आहे, पूर्वा हुशार आहे, तिनं स्वतः शोधलं असेल. असेलच. यंत्रानं हाताची साक्ष दिली होती. मनाची साक्ष कोणतंही यंत्र देत नव्हतं.

त्यांचं ऐकावं, असं तिला वाटण्याला आणखी एक कारण होतं. ती चाचणी समितीपुढे ठेवायची म्हणजे मंजुरीची वेळही ठेवायची. एका मिनिटात तेवीस. मग बाकीच्या सात हजारांचा प्रश्न आलाच. ठिगळांबरोबर आणखी काय काय पुसलं गेलं असेल, हे तिला सांगता येणार नव्हतं. वानखड्यांची कबुली दोन माणसांना वाचवत होती, आणि त्यातली दुसरी पूर्वा नसून आपण आहोत, हे तिला बसथांब्यापाशी नीट कळलं.

*

समिती तीन जणांची होती. वानखडे आधी बोलले. उभे राहून, दोन्ही हात मागे बांधून म्हणाले, "तारीख मी बदलली. कोणाच्या सांगण्यावरून नाही."

डॉ. काशीकरांनी कालिंदीकडे पाहिलं. "यात तुम्हाला काही जोडायचं आहे?"

तिनं लॅपटॉप उघडला. "सर, इथं बसा," ती वानखड्यांना म्हणाली. "ही नोंद उघडा. फक्त उघडा."

"ताई," ते पुटपुटले.

"उघडा, सर."

त्यांनी उघडली आणि हात मागे घेतले. तिनं पान ताजं केलं. तीन वर्षं मागे गेलेली तारीख तिघांनी पाहिली. मग तिनं चाचणी दाखवली, निनावी सूचना दाखवली आणि शेवटी मंजुरीची वेळ. वानखडे तोपर्यंत खुर्चीत मान घालून बसले होते.

समितीतल्या निवृत्त न्यायाधीशांनी त्या वेळेवर बोट ठेवलं. "बोधनकर मॅडम, गेल्या दोन वर्षांत तुम्ही मंजूर केलेल्यांपैकी वाचली किती?"

"पहिली तीनशे असतील. नंतरची नाही."

"आणि वानखड्यांना या प्रकाराची आधी कल्पना नव्हती, हे तुम्ही सांगू शकता?"

ती वानखड्यांकडे बघू शकली नाही. "त्यांनी ती तारीख बदलली नाही, एवढं सांगू शकते."

पूर्वा ढोलेवर गुन्हा दाखल झाला. तिनं सगळं कबूल केलं आणि मामाला काही माहीत नव्हतं असं लिहून दिलं. ते तिच्या वकिलानं सुचवलं होतं की खरं होतं, यावर ऑफिसात दोन तट पडले. तिचे वडील बरे होते. मुलीच्या जामिनासाठी कोर्टाच्या पायऱ्या ते स्वतः चढत होते. कालिंदीची एक वेतनवाढ थांबली आणि सात हजार ठिगळं वाचून काढायचं काम तिच्याकडेच आलं. दिवसाला अकरा होत. निलोफर शेख पहिल्या क्रमांकावर आल्या, पण मे महिन्यात जंतुसंसर्गानं दवाखान्यात पडल्या आणि नियमाप्रमाणे त्यांना यादीतून तात्पुरतं बाहेर ठेवावं लागलं. मूत्रपिंड मिळालं ते सप्टेंबरात. कालिंदी भेटायला गेली तेव्हा त्या एवढंच म्हणाल्या, "सहा महिने होते ते माझे."

वानखडे जुलैमध्ये कामावर परत आले. समितीनं त्यांना निर्दोष ठरवून परत घेतलं होतं. ते पूर्वीसारखेच वेळेवर येत, डबा पुरा खात, तिच्याशी कामापुरतं नीट बोलत. एक गोष्ट मात्र नवीन होती. कुठलीही नोंद एकट्यानं उघडत नसत.

"ताई, जरा उभ्या राहा इथं," ते म्हणत, आणि ती हातातलं काम टाकून त्यांच्या खुर्चीमागे जाऊन उभी राहत असे. पडद्यावर पान उलगडायचं. नाव, वय, पत्ता, व्यवसाय. बघायला हवं होतं ते तिथं, पडद्यावर.

ती मात्र त्यांच्या हातांकडे बघत असे. आणि ती बघतेय हे माहीत असल्यासारखे वानखडे दोन्ही हात टेबलावर सपाट ठेवत, नोंद बंद होईपर्यंत हलवत नसत.